आधी बस सुधारू दे

पर्यावरणासाठी आपणही काहीतरी केलं पाहिजे, असं तुम्हाला हल्ली वाटू लागलं असेल तर घाबरू नका. पुण्यात हे साधारण एप्रिल-मेमध्ये बऱ्याच जणांना होतं आणि पहिल्या पावसात आपोआप उतरतं. तेवढे दिवस निभावून न्यायला एकच शब्द पाठ करून ठेवा: 'आधी'.

कुणी म्हणालं, गाडी ठेवा, बसने जा; की शांतपणे म्हणायचं, 'आधी बस सुधारू दे.' बस का सुधारत नाही? कारण ती गर्दीत अडकते. का अडकते? पुढे तुमची गाडी असते. तुमची गाडी का असते? कारण बस वेळेवर येत नाही. आहे कुणाची टाप यातून तुम्हाला बाहेर काढायची? रहदारी मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या यादीत जगातल्या संथ शहरांमध्ये आपण चौथे आलो. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं! असलं यश एकट्या पीएमपीच्या बसना थोडंच झेपलं असतं? त्यात तुमचा-आमचा खारीचा वाटा आहे.

बसला वेगळी मार्गिका द्या, असं म्हणणारा एखादा भेटेलच. त्याला सांगा, बाबा रे, ते आम्ही २००६ मध्येच 'बीआरटी' या नावाने करून बसलोय. कात्रज-स्वारगेट रस्त्यावर, देशात सगळ्यात आधी. त्या मार्गिकेचं काय करायचं हे मात्र नीट समजून घ्या. दोन बसच्या मध्ये जी मोकळी जागा दिसते, ती वाया चाललेली असते. ती बघून कुठल्याही करदात्याचा जीव तुटतो. तेव्हा दुचाकी घालायची, मागोमाग रिक्षा येते, मग एखादी चारचाकी धीर करते. पाठीमागे बस खोळंबली की घरी येऊन म्हणायचं, 'बीआरटी फसली. तरी मी सांगत होतो.' नगर रस्त्यावरची मार्गिका पुढे काढूनच टाकली. रस्ता कसा मोकळा वाटला! निदान आठवडाभर.

मागायचाच असेल तर उड्डाणपूल मागा. पूल मागण्यात धोका नाही, कारण तो पुरला नाही तर पाडून दुसरा बांधता येतो. विद्यापीठ चौकातले पूल जेमतेम दीड दशक टिकले. २०२० मध्ये पाडले आणि त्या जागी दुमजली आला. आता तिमजलीचा विचार कुणीतरी करत असेलच.

पार्किंगला पैसे लावण्याच्या भानगडीत कुणालाही पडू देऊ नका. २०१८ मध्ये महापालिकेत तसं धोरण मंजूर झालं होतं. पाच रस्त्यांवर करून बघू, एवढ्यावर ते आलं आणि मग वर्षानुवर्षं कागदावर नीट पार्क होऊन राहिलं, तेही फुकटात. तुमची गाडी मात्र तुम्ही बसथांब्यासमोर लावा. पावच आणायचाय ना? दोन मिनिटांचं काम. चारही इंडिकेटर चालू केले की गाडी 'उभी' धरत नाहीत, असा आपल्याकडे समज आहे. मग बस रस्त्याच्या मधोमध थांबते, कंडक्टर दारातून 'चला, चला, पटकन' ओरडतो, आणि एखाद्या आजी एका हातात पिशवी, एका हातात नातू धरून तुमचा बंपर आणि रिक्षाचं चाक यांच्यातल्या वीतभर फटीतून वाट काढतात. पहिल्या पायरीवर आधी पिशवी चढते, मग नातू. आजींचं काही खरं नसतं. मागून हॉर्न सुरू असतात. तुम्ही पाव निवडा.

एवढं करूनही मन खात असेल, तर बॅटरीवरची गाडी घ्या. ती धूर सोडत नाही आणि जागाही सोडत नाही. चार्जिंगची वीज कोळशाची असली म्हणून काय झालं? धूर तिकडे चंद्रपूरला निघतो, चंद्रपूर काही आपल्या सोसायटीत येत नाही. मेट्रोला रविवारी मुलांना घेऊन एकदा जाऊन या. स्टेशनपर्यंत अर्थातच गाडीने.

आणि कार्बनचा हिशेब घरातल्या कुणी काढलाच, तर धायरीहून तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना त्यात धरा. सरासरी एकदम खाली येते. त्या गेली कित्येक वर्षं बसनेच येतात. बस सुधारायची वाट बघत थांबल्या नाहीत. जून २०२५ मध्ये पाचाचं तिकीट दहाला झालं, तेव्हा त्यांनी पगार वाढवून मागितला होता. तुम्ही 'बघू' म्हणाला होतात, आठवतंय?

त्यांना आज उशीर होईल. साडेआठच्या ऐवजी सव्वानऊला येतील आणि पदराने घाम पुसत सांगतील, 'काय करू ताई, बेकरीपाशी कुणीतरी थांब्यावरच गाडी लावून गेलं होतं. बस हलेचना.'

पावाची पिशवी ओट्यावर ठेवा आणि जरा समजुतीच्या सुरात म्हणा, 'मावशी, आधीची बस पकडत जा ना.'