कालवं कृष्णा साफ करणार नाहीत

'न्यूयॉर्कच्या लोकांनी हॉटेलांतले रिकामे शिंपले समुद्रात टाकले आणि मेलेलं बंदर जिवंत केलं. एक कालव (शिंपल्यातला जीव, ऑयस्टर) दिवसाला दोनशे लिटर पाणी शुद्ध करतं. मग सांडपाणी प्रकल्पांवर कोट्यवधी कशाला? कृष्णेत कालवं सोडा. आणि ती कच्ची खाल्ली तरी अपाय नाही, कारण ती पाणीच शुद्ध करतात.' हा मेसेज सांगलीतल्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो मामाने पाठवला, खाली लिहिलेलं: 'मुलांना घेऊन मालवणला चाललोय, कच्ची खाऊन बघू.'

मामा, अजिबात खाऊ नका. कालव कल्ल्यांतून पाणी ओढतं आणि त्यातले बारीक कण गाळून घेतं. पाण्यात मैला असेल तर त्यातले जिवाणू, विषाणू, जड धातू कालवाच्याच अंगात साठतात. म्हणजे पाणी जितकं घाण, तितकं कालव धोक्याचं. ज्यांच्या कामावरून हा मेसेज रचलाय, ते न्यूयॉर्क बंदरात पुन्हा कालवं वाढवणारे 'बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट'वाले स्वतःच बजावतात की न्यूयॉर्क बंदरातली कालवं खायची नाहीत. जोराचा पाऊस झाला की तिथल्या गटारांचं पाणी आजही बंदरात जातं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या कालवं खातात, ती शिजवून. नीट शिजवल्यावर जंतू मरतात, धातू मात्र तसेच राहतात. तेव्हा खाडी कुठली आहे तेही विचारा.

दोनशे लिटरचा आकडा अगदीच खोटा नाही, एवढं मान्य करावं लागेल. सुमारे १९० लिटर सांगतात, पण ते मोठ्या कालवाचं आणि सगळं अनुकूल असतानाचं. पाणी गार पडलं की हे काम जवळपास थांबतं. शिंपले नुसते टाकूनही भागत नाही. ते वर्षभर उघड्यावर ठेवतात, मग टाक्यांत त्यांच्यावर कालवांची पिल्लं बसवतात.

आणि कृष्णेत सोडायची? कालवांना खारं किंवा निमखारं पाणी लागतं. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी सांगलीला येईपर्यंत खारी कुठून होणार? सोडलेली कालवं मरतील, कुजतील आणि पाण्यातला ऑक्सिजन आणखी कमी करतील. 'गोड्या पाण्यातले शिंपले सोडू' असंही एकाने सुचवलं. ते कृष्णेत आहेतच, आणि पाणीही गाळतात. पण त्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. जिथे उन्हाळ्यात मेलेले मासे तरंगतात, तिथे ती कशाला चिकटणार?

सगळ्यात संताप येतो तो प्रकल्प नकोत म्हणण्याचा. न्यूयॉर्क बंदरातली कालवांची शेवटची जागा प्रदूषणापायी १९२७ मध्ये बंद करावी लागली. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टनंतर तिथे मैल्यावरची प्रक्रिया सुधारत गेली, आणि हा प्रोजेक्ट सुरू झाला २०१४ मध्ये. पाणी आधी सुधारलं म्हणून कालवं जगली. मेसेजने क्रमच उलटा केला, आणि सांडपाणी कृष्णेत नेणारा शेरीनाला रोज बघणाऱ्या सांगलीत तो खरा मानला जातोय.

ग्रुपवर आता कालवांसाठी वर्गणीची भाषा सुरू झालीय. देऊ नका. शेरीनाल्याचं किती पाणी प्रक्रिया होऊन जातं आणि किती तसंच नदीत मिसळतं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात.