विश्वामित्रीतल्या मगरी मोजून झाल्या, माणसांचं काय

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा परत भांडण झालं, विषय तोच, बडोद्यात विश्वामित्री नदीला आलेला ऑगस्ट २०२४ चा पूर. मामेभावाने पोल टाकला की पूर कशामुळे आला, आजवा धरणाचं पाणी सोडलं म्हणून, नदीकाठी बांधकामं झाली म्हणून की कांस, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले, तुंबले म्हणून, आणि सोसायटीच्या ग्रुपवरही टाकला असणार कारण दोनशेच्या वर मतं पडली. मग पठ्ठ्या म्हणतो, बघा, बडोद्याचं मत काय ते कळलं. मी इथून लिहिलं, अरे हे बडोद्याचं मत नाही, तुझ्या फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्यांचं मत आहे. झालं! तिकडे हडसनच्या काठावर बसून आम्हाला शिकवू नकोस वगैरे वगैरे.

बसलोय खरा हडसनच्या काठावर. बडोद्याचा दांडिया बाजार सोडून अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीला येऊन १९ वर्षं झाली. पण मी जे बोललो ते इथे कॉलेजातली पोरं करताना बघितलंय म्हणून बोललो. इथल्या मॅरिस्टमध्ये १९७८ पासून जनमत चाचण्या होतात आणि फोनवर प्रश्न विचारायला विद्यार्थी बसतात. आमची थोरलीही काही महिने बसायची. घरी येऊन चिडचिड करायची की बाबा, प्रश्नातला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही, समोरच्याने उत्तर दिलं की "बरोबर" सुद्धा म्हणायचं नाही, आणि एक आजोबा तर मलाच विचारत बसले की पोरी तुझं काय मत. तिने सांगितलं नाही. मला हेच फार आवडलं, आपल्याकडे मत विचारणारा आधी स्वतःचं सांगून मोकळा होतो.

आणि संख्येचं म्हणाल तर हजार माणसं नीट चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली तर साधारण तीन टक्के इकडे तिकडे एवढ्यात उत्तर येतं, मग शहर बडोद्याएवढं असो की न्यूयॉर्कएवढं. उलट १९३६ मध्ये लिटररी डायजेस्ट नावाच्या इथल्या मासिकाने एक कोटी लोकांना कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली, त्यावरून अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार म्हणून छापलं आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. नावं काढली होती टेलिफोनच्या यादीतून, मोटारवाल्यांच्या यादीतून, आणि कार्ड परत पाठवणारेही जास्त करून चिडलेले. म्हणजे आपला सोसायटीचा ग्रुपच की हो.

पण इथलंही काही सोनं नाही. प्यू नावाच्या मोठ्या संस्थेच्या फोनवरच्या सर्व्हेंना १९९७ मध्ये शंभरातले ३६ जण उत्तर द्यायचे, २०१८ मध्ये ६. इथे अनोळखी नंबर कोणी उचलतच नाही. बडोद्यात निदान दार उघडतात, पाणी विचारतात, दुपार असेल तर चहाही होतो. अडचण पुढे असते. दार उघडणार काकू आणि म्हणणार, "आमच्या ह्यांना विचारा ना". म्हणून घरातल्या कोणाला विचारायचं ते आधी ठरवावं लागतं, इथे एक साधी युक्ती म्हणजे घरातल्या मोठ्यांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला त्याला विचारायचं. आता आमच्या आजीला असं विचारलं असतं तर ती म्हणाली असती चैत्रातला, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि पोरगा पंचांग शोधत बसला असता. दार बंद असेल तर शेजारच्या घरी उरकून टाकायचं नाही, परत यायचं, संध्याकाळी यायचं, नाहीतर नोकरीवाले सगळे गळतात आणि आपल्याला कळतही नाही.

हे काही परदेशातून शिकायची गरज नाही खरं तर. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३१ मध्ये कलकत्त्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली, तेव्हापासून नमुना पाहणीत, म्हणजे थोडे निवडून सगळ्यांचा अंदाज काढण्यात, आपला देश जगाला शिकवत आलाय. त्यांची एक पद्धत मला भारी वाटते, एकाच भागाचे दोन स्वतंत्र नमुने काढून दोन वेगळ्या टोळ्या पाठवायच्या आणि आकडे ताडून बघायचे, म्हणजे घरी बसून फॉर्म भरणारा पकडला जातो. आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत स्टॅटिस्टिक्स आहे, सोशल वर्क आहे, मराठी-गुजराती-हिंदी तिन्ही बोलणारी पोरं आहेत. ज्या गायकवाडीत १९०६ मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं तिथल्या पोरांना दारोदार जायला लाज कसली?

फक्त प्रश्न मामेभावाचा नको. पूर कशामुळे आला हे मतं टाकून ठरत नाही, त्याला पाऊस, धरणाची पातळी, नकाशे बघावे लागतात. लोकांना तेच विचारा जे फक्त त्यांना माहितीय. पाणी घरात कितीपर्यंत आलं, पहिली सूचना कोणाकडून आणि किती वाजता मिळाली, लाइट किती दिवस नव्हती, केशडोल, म्हणजे सरकारची रोख मदत, मिळाली का. भाडेकरूंना तर वेगळं विचारा, त्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. आणि नाव-पत्ता उत्तरांपासून वेगळा काढून ठेवा, नाहीतर निवडणुकीच्या वेळी हीच यादी कोणाच्या तरी हातात दिसेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये विश्वामित्रीतल्या मगरी मोजल्या, चारशेहून जास्त निघाल्या, स्वयंसेवक नदीकाठी फिरले, फार चांगलं काम. माणसं तर मगरीपेक्षा सोपी, विचारलं की सांगतात.

माझी मावशी बडोद्यातल्या समा भागात राहते. पाणी उतरल्यावर तिने हॉलच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून ठेवली, फोटोच्या खिळ्याच्या थोडी खाली, रंग काढला तेव्हाही तेवढी जागा सोडायला लावली. अजून कोणी ती मोजायला आलेलं नाही. मामेभावाला शेवटी एवढंच म्हटलं, पोल राहू दे, मावशीच्या गल्लीत दर पाचव्या घरी जा आणि रेघ कुठवर होती ते विचारून ये, टेप घेऊन जा.

म्हणाला, नवरात्र होऊ दे.