‘कागदावर गोल काढायला काय जातंय?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘डोंगरभटक्या’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकास,

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आंबा गावातून निघून मानोली, विशाळगडाचा पायथा, गजापूर, पावनखिंड, पांढरपाणी असं सड्यांवरून, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारांवरून, फिरत तिसऱ्या दिवशी पुन्हा आंब्यात पोचणाऱ्या वाटेचं नियोजन मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिता: “कागदावर गोल काढायला काय जातंय? नोव्हेंबरात सड्यावर पाणी कुठलं? तिसरा दिवस कुणाला झेपणार नाही. गव्यांचं काय, परवानगीचं काय? नकाशातली अक्षरंही दिसत नाहीत. लोकांच्या जिवाशी खेळू नका.”

नकाशाचं म्हणणं मान्य. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसतात, आता मोठा नकाशा टाकलाय. आभारी आहे.

पण ते पहिलं वाक्य. “नोव्हेंबरात पाणी मिळतं का?” एवढंच विचारलं असतं तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं. तुम्ही आधी मला कागदावरचा ट्रेकर ठरवलंत आणि मग प्रश्न विचारलात. माझं आजोळ शाहूवाडी तालुक्यातलं, सड्याच्या अगदी पोटाशी वसलेल्या वाडीतलं. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या म्हशींमागं मी त्या जांभ्यावर अनवाणी हिंडलोय. खडक इतका तापायचा की म्हशीसुद्धा दुपारी खाली उतरायच्या. त्यामुळं सड्यावर पाणी नसतं हे मला कुणी प्रतिक्रियेत सांगायची गरज नाही.

आणि वाट गोल का, तेही सांगतो. पन्हाळा ते पावनखिंड ही जुलैतली मोहीम सगळ्या कोल्हापूरला पाठ आहे. मसाई पठार, कुंभारवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी. वाट सुंदर आहे, पण सरळ आहे. मोहिमेत शेकडो लोक असतात, परतीला ट्रक-टेम्पो असतात. तिघा-चौघांनी गेलं की शेवटच्या गावात एसटीची वाट बघत बसायचं, नाहीतर वडापवाल्याच्या, म्हणजे खाजगी जीपवाल्याच्या, हातापाया पडायचं. गोल वाटेत गाडी जिथं लावली तिथंच परत येतो. हौस म्हणून काढलेला गोल नाही तो.

आता पाणी. सड्यावर माती वीतभरसुद्धा नाही. पावसाळ्यात खडकाच्या खळग्यांत पाणी साचतं, त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू फुलतात, आणि पाऊस सरला की काही आठवड्यांत ती डबकी आटतात. पण जांभा सच्छिद्र. वरचं बरंचसं पाणी भेगांतून खाली झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यातून बाहेर येतं. वाड्या सड्याच्या माथ्यावर नाहीत, पायथ्याशी आहेत, त्या याचसाठी. म्हणून माझ्या आखणीत रोज पहाटे वर चढायचं, ऊन तापायच्या आत सडा ओलांडायचा आणि दुपारी कुठल्या ना कुठल्या वाडीच्या झऱ्यावर उतरायचं, असंच आहे. माणशी चार लिटर पाणी पाठीवर घेऊन. हे सगळं लेखात होतं. तुम्ही बहुतेक फोटो बघून प्रतिक्रिया टाकलीत.

एक गोष्ट लेखात राहून गेली होती, ती तुमच्या निमित्तानं लिहितो. सड्यावर ढोरवाटांच्या मागं जाऊ नका. त्या ठसठशीत असतात, चांगल्या मळलेल्या, म्हणून माणूस फसतो. ढोरवाट गवताकडं जाते, पाणवठ्याकडं जाते, पण पुढच्या गावाकडं जाईलच असं नाही. वर सपाटी, त्यात सकाळचं धुकं, आणि खुणेला झाड म्हणून नाही. पाण्यापेक्षा मला तिथं चुकायची भीती जास्त वाटते. तुमच्या इतक्या तावातावाच्या प्रतिक्रियेत याचा उल्लेखही नाही, याचं आश्चर्य वाटलं.

गव्यांचं विचारता, तर गवे आता कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत येतात, त्यासाठी आंब्याच्या रानात जायला नको. कळप दिसला की थांबा, वाट सोडा, फोटोच्या नादाला लागू नका. एकटा नर दिसला तर जास्तच लांब राहा. परवानगी वनखात्याकडून घ्यायची, रानात तंबू नाही, चूल नाही. मुक्काम गावातच, शाळेच्या नाहीतर देवळाच्या ओसरीवर, आणि तोही गावकऱ्यांना विचारून. यात वाद घालण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

“लोकांच्या जिवाशी खेळू नका” या वाक्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तरी सांगतो भावा, असलं वाक्य टाकून दिलं की लिहिणारा गुन्हेगार आणि तुम्ही समाजसेवक, हे बरं जमतंय. तुमची स्वतःची एखादी वाट लिहा की. आम्हीही वाचू, आणि नीट शब्दांत शंका विचारू.

राहिला तिसरा दिवस. पांढरपाण्याहून आंबा लांब आहे, नाही कोण म्हणतंय? ज्याला झेपणार नाही त्यानं पांढरपाण्यात डांबरी रस्त्याला लागावं आणि मलकापूरची गाडी धरावी. हेही लेखात आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात.