बंबवाले पळाले नव्हते

काल आत्याचा फोन आला. "अरे, ह्यात लिहिलंय ते खरं का?" नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड : १४ एप्रिल १९४४ ला जपानी विमानांनी मुंबईच्या गोदीवर बॉम्ब टाकले, इंग्रजांनी ते दडपलं, आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या, बंबवाले आग सोडून सोनं घेऊन पळाले आणि गोदीजवळच्या मांडवीची माणसं एका रात्रीत लखपती झाली. आत्या ८८ वर्षांची आहे. त्या दिवशी ती मांडवीतच होती. या वयात तिला हे वाचावं लागलं, म्हणून मी चिडलोय.

आधी बंबवाल्यांचं. 'फोर्ट स्टिकिन' जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला, बंब आले, ९०० टनांहून जास्त पाणी मारलं तरी आग विझेना. ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटलं तेव्हा ही माणसं तिथेच होती. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. पळाले असते तर इतके गेले असते का? दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात, तो यांच्यासाठीच. आणि त्यांनाच चोर म्हणायचं?

जपानी विमानं? चौकशी आयोगाचा संशय कापसाच्या गाठींवर होता. स्फोटकांखाली कापूस रचला, धोक्याचा लाल बावटा लावला नाही, अग्निशमन दलाला कळवायला उशीर केला, असे दोष त्याने काढले. यात बॉम्ब कुठे बसतो?

बातमी दडपली हे मात्र खरं, तेवढं मान्य. मे उजाडेपर्यंत सेन्सॉर उठला नाही. स्फोटाची बातमी आधी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या रेडिओ सायगॉनने. विमानांची कथा बहुधा तिथूनच उगवली असावी.

जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. एक वीट लांबच्या एका पारशी गृहस्थाच्या घरावर पडली. त्यांनी ती परत केली आणि बक्षिसाचे ९९९ रुपये मदतनिधीला दिले.

लखपती कोण झालं? सुमारे ८०,००० लोक बेघर झाले, त्यात आमचं घर. परातीत कणीक मळलेली तशीच टाकून आजीने आत्याला काखोटीला मारलं, ती थेट भायखळ्याला थांबली. तिच्या हाताला कणीक तशीच चिकटलेली होती, हे आत्या अजून सांगते.