कॉलेज सोडून 'फुकट हार्वर्ड' करायला सांगणारा मेसेज

'कॉलेजवर लाखो रुपये उधळू नका. हार्वर्ड, एमआयटी, आयआयटीचं शिक्षण मोबाइलवर फुकट. घरबसल्या तीच पदवी मिळवा!' हा मेसेज कितीदा तरी आला, मी पुसून टाकला. पण परवा आमच्या भावजींनी तोच दाखवून विचारलं, "वहिनी, मग पोरीच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची कशाला?" म्हणून लिहितेय.

'तीच पदवी' हे साफ खोटं आहे आणि सगळ्यात घातकही. कोर्स संपल्यावर मिळतं ते प्रमाणपत्र. सरकारच्या 'स्वयम' या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरच्या कोर्सेसना क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे श्रेयांक, मिळतात हे खरं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांनुसार सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात. पण ते क्रेडिट धरले जातात तुम्ही शिकत असलेल्या पदवीत. कॉलेजच सोडलं तर ते कुठल्या पदवीत धरणार? आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची पदवी ऑनलाइन आहे, पण तिला फी आहे, पात्रता फेरी आहे आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षा आहेत.

'फुकट' आणि 'घरबसल्या'चंही तेच. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाचे व्हिडिओ फुकट आहेत. प्रमाणपत्र हवं तर परीक्षेचे साधारण हजार रुपये भरा आणि केंद्रावर जा. शंभरपैकी ७५ गुण त्या परीक्षेचे, असाइनमेंटचे फक्त २५.

'जिद्द असेल तर कोणीही शिकतं' म्हणे. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात संशोधक जस्टिन राइश आणि त्यांच्या सहकाऱ्याने हार्वर्ड-एमआयटीच्याच फुकट कोर्सेसचा सहा वर्षांचा हिशेब मांडला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी कोर्स उघडलाच नाही. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे होते ३.१३ टक्के. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांतही ४६ टक्केच. एवढ्या सगळ्यांना जिद्द नव्हती? अडलं की विचारायला समोर कोणी नसतं, हेही कारण असतंच की! भावजींची पोरगी केमिस्ट्री शिकते. टायट्रेशनला थेंबथेंब द्रावण सोडताना ब्युरेटचा, म्हणजे त्या काचेच्या नळीचा, कॉक कधी बंद करायचा, फिकट गुलाबी रंग टिकला की उडाला, हे व्हिडिओ बघून हाताला कळत नाही.

एक मात्र कबूल करावंच लागेल. कित्येक कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक कसाबसा अभ्यासक्रम संपवतात. तिथल्या मुलांना आयआयटीच्या प्राध्यापकाचं व्याख्यान ऐकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. काही व्याख्यानांचा मजकूर मराठीतही आलाय.

तेव्हा भावजी, फी भरा. आणि तिला सांगा, स्वयमवरचा एखादा कोर्स जरूर घे, पण आधी कॉलेजातल्या स्वयमच्या समन्वयकांना विचार की याचे क्रेडिट आपल्या विद्यापीठात धरतात का.