ती मालिकेतली ना?

आज दुपारी एका ओळखीच्यांकडे जेवायला गेले होते. अळूवडी, वरणभात, मठ्ठा, मँचेस्टरात इतकं मिळालं की माणूस सुखावतो. जेवताना नाटकांचा विषय निघाला. मी म्हटलं, 2025 मध्ये लंडनच्या वेस्ट एंडला, म्हणजे तिथल्या मोठ्या नाट्यगृहांच्या भागात, अपोलो थिएटरात 'पंच' नाटक बघितलं, त्यातलं ज्युली हेझमंडहॅल्शचं काम अजून डोक्यातून जात नाही. यजमान म्हणाले, "कोण? ती कॉरोनेशन स्ट्रीटवाली? अगं, ती मालिकेतली ना! आता वेस्ट एंडला मालिकेतल्या बायका नाटकं करणार म्हणजे झालंच." सगळे हसले.

त्यांच्या आई तिथेच सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्यात. मांडीवर टॅब, त्यावर त्यांची रोजची मराठी मालिका. मुलाचं वाक्य ऐकलं आणि काकूंनी एका बोटाने आवाज पूर्ण बंद केला. चित्र तसंच चालू ठेवलं. पुढचा अर्धा तास त्या नुसती हलणारी तोंडं बघत होत्या.

घरी आल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर ते बोट आहे. म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कॉरोनेशन स्ट्रीट ही इथली मालिका 9 डिसेंबर 1960 ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. सॅलफर्डसारख्या एका गावातली एक गल्ली, कोपऱ्यावरचा पब, विटांची चिकटून उभी घरं. ज्युली तिच्यात 1998 साली आली, हेली म्हणून. थोड्याच दिवसांसाठी आणलेलं पात्र. कॅफे चालवणाऱ्या, बुजऱ्या, हातातली पिशवी कधी न सोडणाऱ्या रॉयसाठी शोधलेली एक मैत्रीण. मग कळतं की हेली ट्रान्स बाई आहे. ब्रिटिश मालिकांमधलं असं पहिलं कायमचं पात्र. 1998 सालची गोष्ट आहे ही. तेव्हा तिला कायद्याने लग्नसुद्धा करता येत नव्हतं! बदललेली लिंगओळख कायद्याने मान्य करणारा 'जेंडर रेकग्निशन ॲक्ट' आला 2004 मध्ये, आणि रॉय-हेलीचं रीतसर लग्न मालिकेत लागलं 2010 मध्ये. लाल अनोरॅक घातलेली, अंतर्वस्त्रांच्या कारखान्यात काम करणारी, सगळ्यांची काळजी करणारी ही बाई सोळा वर्षं लोकांच्या दिवाणखान्यात येत राहिली. भाषणं न देता. चहा पीत.

(ती भूमिका आज ट्रान्स कलाकारानेच करायला हवी, हे मान्य. तेव्हाही लोकांनी तसा आक्षेप घेतला होता आणि तो बरोबर होता.)

आता मुद्द्यावर येते. मला मालिका हा प्राणी कळला तो माझ्या शेजारच्या आजींमुळे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या, एकट्या. आम्ही इथे नवीन आलो तेव्हा मी दिवसभर घरी असायचे, हातात काम नाही, ओळख नाही. त्या कुंपणावरून म्हणाल्या, "साडेसातला ये, लव्ह, कॉरी लागतं." कॉरी म्हणजे कॉरोनेशन स्ट्रीट. मी गेले. पहिले दोन आठवडे मला त्यांचं इंग्लिश कळेना आणि मालिकेतलंही कळेना. मग दोन्ही एकदमच कळायला लागलं, कारण ती एकच भाषा होती. त्या बोलताना ओठ खूप हलवायच्या, प्रत्येक शब्द जणू तोंडाने लिहून दाखवायच्या. एकदा विचारलं तर म्हणाल्या, माझी आई बर्नलीला विणकर होती, साच्यांच्या खडखडाटात ऐकू यायचं नाही म्हणून गिरणीतल्या बायका ओठांवरूनच बोलायच्या, घरी आल्यावरही तसंच. मी गप्प झाले. माझे आजोबा लालबागला गिरणीत साचेवाले होते. घरात कायम ओरडून बोलायचे, आम्हाला वाटायचं रागावलेत. कान गेले होते त्यांचे. कुठे बर्नली, कुठे लालबाग, आणि आवाज तोच.

2016 च्या हिवाळ्यात कळलं की ज्युली रॉयल एक्स्चेंजमध्ये 'विट' नावाचं नाटक करतेय. मी आजींना म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, "नको गं, ते आपल्यासारख्यांसाठी नसतं."

हे वाक्य नीट वाचा. ही बाई जन्मभर मँचेस्टरच्या आसपास राहिलेली. रॉयल एक्स्चेंज म्हणजे भर शहरातलं जुनं कापूसबाजाराचं सभागृह. सुताचे आणि कापडाचे मोठमोठे सौदे तिथे व्हायचे. अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा कापूस अडला तेव्हा आपल्या मुंबई बंदरातून लँकेशायरला कापूस गेला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला, तो हाच बाजार. 1968 मध्ये व्यवहार थांबला. 1976 मध्ये त्या अवाढव्य दालनाच्या मधोमध काचेची आणि लोखंडाची एक गोल रंगभूमी बसवली. जमिनीला तिचं वजन पेलवणार नाही म्हणून ती दालनाच्या चार मोठ्या खांबांवर तोललेली आहे, चंद्रावर उतरलेल्या यानासारखी. शेवटच्या दिवसाचे कापसाचे भाव फलकावर अजून तसेच आहेत. आणि ज्या आईने आयुष्यभर तो कापूस विणला, तिची मुलगी त्या इमारतीत एकदाही आत गेली नव्हती. ऐंशीपेक्षा जास्त वर्षांत एकदाही नाही.

शेवटी आल्या त्या नाटकासाठी नाही. आल्या त्या हेलीसाठी.

यजमानसाहेब, हे तुम्हाला कळणार आहे का? तुम्ही म्हणता "मालिकेतली". अहो, ती मालिकेतली होती म्हणून तर आजींनी कोट चढवला! ट्रामचं तिकीट काढलं! कुठल्या समीक्षकाच्या चार ताऱ्यांनी ही बाई घराबाहेर पडली असती?

आणि "मालिकेतली" म्हणजे तरी काय हो? ज्युली ॲक्रिंग्टनची. कापसाचंच गाव. तिथून लंडनला लॅम्डा या नाट्यशाळेत शिकायला गेली आणि शिकून बाहेर पडल्यावर पॅडिंग्टनला मित्रांबरोबर एका तळघरात 'आर्ट्स थ्रेशोल्ड' नावाचं छोटं थिएटर चालवलं. म्हणजे आधी नाटक, मग मालिका. ती मालिकेतून नाटकात "गेली" असं सगळे लिहितात ना, मला ते वाचून चिडायला होतं. माहेरी आली म्हणा. सोळा वर्षांनी माहेरी आली. आणि कशी आली बघा: 20 जानेवारी 2014 ला टीव्हीवर हेली मेली. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि शेवटचा घोट तिने स्वतःच्या हाताने घेतला, रॉय शेजारी. सगळा देश त्यावर वाद घालत होता. त्याच आठवड्यात ही बाई रॉयल एक्स्चेंजच्या रंगमंचावर सायमन स्टीफन्सच्या नव्या नाटकात उभी! 

मालिका सोडताना पोटात गोळा आला नसेल? दरमहा येणारा पगार, रस्त्यावर हाक मारणारे लोक, चाळिशी उलटलेली बाई, या धंद्यात चाळिशीनंतर बाईला काय विचारतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

उलटं झालं की मात्र कौतुक. 2005 मध्ये शेक्सपिअर गाजवलेले इयान मॅकेलन कॉरोनेशन स्ट्रीटमध्ये दहा भागांपुरते आले, तेव्हा केवढी ती वाहवा! 'गांधी' सिनेमातले बेन किंग्जली 1966-67 मध्ये तिथे होते हे आज कोणी त्यांच्या तोंडावर फेकत नाही. मोठा माणूस खाली उतरला की तो दिलदार, आणि खालची बाई वर आली की "झालंच". हा खाली-वर कोणी ठरवला? आपल्याकडेही हेच. नाटकाच्या जाहिरातीत मालिकेचं नाव ठळक छापायचं, त्यावर हाउसफुल्लचा बोर्ड लावायचा, आणि मध्यंतरात वडा खाताना म्हणायचं, "मालिकेतल्या लोकांना रंगमंच झेपत नाही."

हो, काहींना नाही झेपत. आवाज शेवटच्या रांगेत पोचत नाही, मीही बघितलंय. आणि नाताळच्या पँटोमाइमला, म्हणजे इथल्या गाण्या-विनोदांच्या घरगुती नाटकांना, मालिकेतली नावं निव्वळ तिकिटं खपवायला लावतात, तेही खरं. पण म्हणून सगळ्यांना एकाच टोपलीत?

आठवड्याला पाच भाग निघायचे तिच्या शेवटच्या वर्षांत. तालमीला वेळ नाही, हातात पान येतं, पाठ करायचं, कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, पुढचं पान. तेही आजच्या दिवसात कालचीच हेली वाटली पाहिजे, दहा वर्षांपूर्वीचीही तीच वाटली पाहिजे. सोळा वर्षं असा गळा लावलेल्या गवयाला आपण रियाजी म्हणतो. नटीला काय म्हणतो? मालिकेतली.

जाऊ दे. 'विट'बद्दल सांगते, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

त्यात ज्युली होती एक इंग्लिशची प्राध्यापिका. जॉन डनच्या कवितांची जाणकार, कडक, कुणाला जवळ न करणारी. तिला अंडाशयाचा कर्करोग, चौथ्या टप्प्यातला. ज्युलीने डोक्याचं मुंडण केलं होतं. खरं मुंडण. आजी आत शिरतानाच कुरकुरत होत्या, "एकदा मेली ना ती. मला पुन्हा नाही बघायचं." कारण 2014 मध्ये हेली गेली त्याच वर्षी आजींचा नवरा त्याच आजाराने गेला होता. हे मला तिकिटं काढेपर्यंत माहीत नव्हतं. मी म्हटलं, आपण परत जाऊ. त्या म्हणाल्या, "आता कोट काढलाय."

त्या थिएटरात प्रेक्षक चारी बाजूंनी असतात, समोरच्यांचे चेहरे दिसतात, लपायला अंधार पुरत नाही. नाटकात डॉक्टर येतात आणि तिला विचारतात, आज कसं वाटतंय? ती उलटी करत असते, आणि ते विचारतात, आज कसं वाटतंय? तिसऱ्यांदा आलं तेव्हा आजी अंधारात बोलल्या, चांगलं ऐकू जाईल असं: "हेच. अस्संच विचारायचे." पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वळून पाहिलं. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात आजींनी माझं मनगट धरलं. ते शेवटपर्यंत सोडलं नाही. एक प्रसंग आहे, रात्री नर्स तिच्याजवळ बसते आणि दोघी एक बर्फाची कांडी अर्धी अर्धी खातात. बस, एवढंच. कविता नाही, विद्वत्ता नाही, बर्फाची कांडी. आणि त्या क्षणी मला त्या टकलाच्या, कडक बाईत हेली दिसली. तीच साधी माया. नाटकवाल्यांना वाटत असेल तिने हेली पुसून टाकली. तिने ती पुसली नव्हती, आत ठेवली होती.

समोरच्या बाजूला बघितलं तर आजींसारख्याच कितीतरी बायका, चांगले कोट, मांडीवर पर्स, हातात रुमाल.

मालिका सोडल्यावर तिने काय काय केलं! मँचेस्टरात मित्रांबरोबर 'टेक बॅक' काढलं, समाजात काही घडलं की छोट्या छोट्या संहिता हातात घेऊन लगेच रंगमंचावर. नवऱ्याने, म्हणजे इयान केर्शॉने लिहिलेलं एकपात्री घेऊन 2018 मध्ये एडिंबराला गेली, त्यात प्रेक्षकांचेच बूट मांडून पात्रं उभी करायची. आणि ते 'पंच', जेम्स ग्रॅहमचं, नॉटिंगहॅमच्या खऱ्या घटनेवरचं. एका ठोशाने मुलगा मेलेला, आणि त्याची आई तो ठोसा मारणाऱ्या पोराला भेटायला तयार होते. ज्युली ती आई. मी अपोलोत एकटी बसले होते, आणि माझा हात आपोआप स्वतःच्या मनगटावर गेला. आजी 2021 मध्ये गेल्या.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. यजमान वाईट माणूस नाहीत, उद्या मला गाडी बंद पडली म्हणून फोन केला तर धावत येतील. पण आईने आवाज बंद केलेला त्यांनी पाहिलाच नाही, याचं मला वाईट वाटतंय. त्या मालिकेत काय चाललंय, कोणाचं लग्न मोडलंय, हे त्यांनी आईला एकदा विचारावं. सांगलीच्या घरी संध्याकाळी ती मालिका म्हणजे शेजारणीशी उद्या बोलायचा विषय आहे. इथे शेजारीणही नाही.

निघताना मी काकूंजवळ टेकले आणि विचारलं, "काकू, माझ्याबरोबर नाटकाला याल का एकदा?" त्या म्हणाल्या, "मला मेलीला इंग्लिश कुठलं समजतंय." मी त्यांना आजींची गोष्ट सांगितली, सगळी, कोट आणि बर्फाच्या कांडीसकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाटक संपल्यावर काय म्हणाल्या त्या?"

काहीच म्हणाल्या नव्हत्या, काकू. बाहेरच्या दालनात येऊन मान वर करून कापसाच्या भावांचा फलक बघत उभ्या राहिल्या. खूप वेळ. मग कोटाची बटणं लावत मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात काय लागतंय, बघ ना."

काकूंनी टॅबचा आवाज पुन्हा सुरू केला आणि म्हणाल्या, "गुरुवार चालेल. पण साडेसातच्या आत घरी नाही ना यावं लागणार? मालिका काय, दुसऱ्या दिवशी बघता येते."

गुरुवारची दोन तिकिटं बघतेय. रंगमंचाला लागून खाली बाकं आहेत, तिथली. काकूंना जिने चढवत नाहीत.