दुष्काळ पाहिजे? मग नीट वरून वाळा

गेल्या आठवड्यात साहेबांच्या टेबलावर सोयाबीनचं एक झाड मुळासकट नेऊन ठेवलं. पानं हिरवी, शेंगा चपट्या, दाण्याच्या जागी नुसता पापुद्रा. साहेबांनी झाडाकडं न बघता उपग्रहाचं चित्र असलेली स्क्रीनच माझ्याकडं वळवली. "तुमचा भाग हिरवा दिसतोय की, मामा." असेल बाबा. तेव्हापासून मी शहाणा झालोय. दुष्काळ जाहीर करून घ्यायची हौस असलेल्या सोलापूरकरांसाठी हे चार शब्द.

पहिलं म्हणजे पानं खुडून टाका. हिरवं पान तांबडा उजेड खातं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेनं भागलं की एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहाचा हिरवळीचा आकडा. त्यात दाणा कुठंच येत नाही. ऑगस्टमध्ये उघडीप, सप्टेंबरात एक सर. पानं तरारली, शेंगा तशाच. चूक तुमची, पानं ठेवलीत कशाला?

तणही उपटा. कुंदा-हरळी वरून पिकासारखीच हिरवी.

शेजारी मात्र पारखून घ्या. चित्रातला ठिपका 250 मीटरचा असला, तर तो सव्वासहा हेक्टरचा, म्हणजे साडेपंधरा एकरांचा. त्यात माझं अडीच एकर सोयाबीन, दादांचा उजनीच्या पाण्यावरचा आठ एकर ऊस, आणि उरलेल्यात ओढ्याकाठची येडी बाभळ, जी इथल्या मे महिन्यालाही भीक घालत नाही. सरासरी काय निघणार? हिरवंगार! पाणी दादांनी पाजायचं, हिरवळ माझ्या नावावर चढायची. वीतभर बांध कोरला तर कोर्टात जाणारी माणसं आपण. इथं अख्खा फड माझ्या रानात आणून लावला, तरी कुणाला काही नाही. बरं, सेंटिनेल-2 उपग्रहांची 10 मीटरची चित्रं फुकट मिळतात. 10 मीटरचा ठिपका म्हणजे जेमतेम एक गुंठा. गुंठ्यागुंठ्याचा हिशेब आभाळात तयार असताना तुम्ही साडेपंधरा एकरांचं भरीत करून वाढताय होय?

आणि हो, मागची वर्षं चांगली काढा. व्हीसीआय नावाचा दुसरा आकडा यंदाची हिरवळ आधीच्या वर्षांतल्या सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगल्या आकड्यांमध्ये बसवतो. आपल्याकडं वाईट आकडा एवढा तळाला, की त्याच्या वर दिसायला फार कष्ट पडत नाहीत.

ढग आले तर हाकला, त्यांच्याआडचं उपग्रहाला दिसत नाही. (पाऊस न पाडणारे ढग कसे असतात, ते सोलापुरात काय सांगायचं!)

जाऊ द्या. उपग्रहाची काय चूक? त्याला दिसतं ते तो सांगतो. 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेतच शिवारात जाऊन पीक बघा म्हणून लिहिलंय. बघितलं कुणी? आमच्याकडं गाडी आली, डांबरीवरच थांबली, काच खाली झाली, एक फोटो काढला, गेली. फोटोत दादांचा ऊस. अहो, उतरा की खाली! बूट भरायला चिखलसुद्धा नाही रानात. एक शेंग फोडायला किती वेळ लागतो? माझं झाड तुमच्या टेबलावरच राहिलंय, तेवढं तरी फोडून बघा. नसेल, तर शिपायाला विचारा कुठं फेकलं.